जनीचे अभंग कोणी लिहिले?

डिसेंबर उजाडला की सोलापुरातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेतून वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून मला बोलावणं येतं. ३ डिसेंबर हा बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन, त्यामुळे विषयांच्या यादीत त्या ठरलेल्या. गेल्या खेपेला सतरा स्पर्धकांपैकी सहा मुलींनी बहिणाबाई घेतल्या आणि सहाही भाषणं जवळपास एकाच वाक्याने सुरू झाली. शाळेची पायरीही न चढलेल्या या माउलीच्या मुखातून साक्षात सरस्वती बोलली, वगैरे. एकीने तर तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि खानदेशच्या बहिणाबाई यांचं एकच चरित्र करून टाकलं. मधली अडीचशे वर्षं तिने एका दमात गिळली. मी तिचे गुण कापले नाहीत. आपण मोठी माणसं बहिणाबाईंबद्दल ज्या सुरात बोलतो त्यात शतक कुठलं याने काही बिघडतच नाही. चमत्काराला तारीख कशाला हवी?

माझं भांडण या चमत्काराशी आहे. बहिणाबाई म्हणजे चमत्कार असं एकदा म्हटलं की हात जोडायचे आणि घरी जायचं. मग त्यांच्याच काळात, त्यांच्यासारखंच आयुष्य काढणाऱ्या, जात्याच्या खुंट्याला धरून शब्दाला शब्द जोडणाऱ्या बाकीच्या बायकांची गाणी कुठे गेली, हे विचारायचं राहून जातं. त्याचं उत्तर फार गूढ नाही. ती लिहून घ्यायला कोणी नव्हतं. बहिणाबाईंच्या घरात होतं.

असोदा हे जळगावजवळचं गाव. तिथल्या महाजनांच्या घरात २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाई जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आल्या. तिशीत वैधव्य आलं. ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन मुलं, त्यातल्या ओंकारला प्लेगने कायमचं अधू केलं. बाकी शेत, गोठा, जातं, चूल. तेव्हाच्या महाराष्ट्रात असं आयुष्य काढलेली बाई प्रत्येक आळीत सापडली असती. शेजारणींहून वेगळं होतं ते बघणं. हात बघायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच वाटेला लावताना ही बाई म्हणते:

लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली

विधवांच्या दुःखावर मराठीत सुधारकांनी, नाटककारांनी, कादंबरीकारांनी पानंच्या पानं लिहिली. त्यातली कळकळ खरी होती. पण कुंकू पुसल्यावर त्याखालची रेषा उघडी पडते, हे दिसायला कपाळ स्वतःचं असावं लागतं. इथे प्रतिभा हा शब्द मी बिनदिक्कत वापरते. प्रतिभा होतीच, आणि ती प्रत्येक आळीत नसते हेही मला मान्य आहे. मी एवढंच म्हणते की ती फक्त असोद्यात जन्मली असंही नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती सांगताना आपण जोर भलत्या ठिकाणी देतो. बहिणाबाई काम करता करता रचायच्या, म्हणायच्या आणि विसरायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. तो आणि त्याचा मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यातली काही गाणी कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. आपल्या आईच्या गाण्यांना शहाण्यासुरत्या लोकांत काय किंमत येईल याची धास्ती मनात ठेवूनच सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे म्हणाले, हे तर बावनकशी सोनं! त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तक निघालं. त्यातल्या कविता साधारण ३५. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या आयुष्यभराच्या गाण्यांतून एवढ्या. जी त्या त्या वेळी कागदावर उतरली नाहीत ती तिथेच मातीत गेली.

आपण टाळ्या वाजवतो त्या सोन्याला आणि अत्र्यांच्या पारखीला. मला मात्र ती वही डोळ्यांपुढून हलत नाही. आईचं दळण चाललंय, पोरगा बाजूला बसलाय, आणि त्याला हे लिहून ठेवावंसं वाटतंय. त्या काळात, आणि खरं तर आजही, किती घरांत कोणत्या मुलाला असं वाटलं असेल? आई गाते हे ऐकू येतं. आई काही म्हणतेय, आणि ते टिपून ठेवण्यासारखं आहे, हे ऐकू यायला वेगळा कान लागतो.

गंमत म्हणजे या कागदाच्या करामतीबद्दल खुद्द बहिणाबाईंना पुरतं ठाऊक होतं. जळगावातला छापखाना बघून त्यांनी म्हटलंय:

मानसापरी मानूस राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी कोरा कागद शहाना

माणूस येडाच राहतो, कागद मात्र छापून निघाला की शहाणा होतो. अक्षर न येणाऱ्या बाईने अक्षरवाल्यांना इतक्या हसतमुखाने चिमटा काढलेला दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. आणि त्यांचीच कविता १९५२ मध्ये छापून निघाली तेव्हाच शहाणी ठरली. त्याआधी ती बाईचं गुणगुणणं होती.

त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या लक्ष्मीबाई टिळकांशी ताडून बघा. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचंही लग्न पोरवयात झालं, त्याही शाळेत गेल्या नव्हत्या. पण नारायण वामन टिळकांनी बायकोला लिहा-वाचायला शिकवलं. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंनी पुढचे विरहाचे दिवस आपल्या पंढरपुरात काढले, तेव्हा काय वाटतं ते कवितेत मांडायला हातात अक्षर होतं. पुढे टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' याच बाईने साठहून जास्त अध्याय लिहून पुरं केलं आणि वर 'स्मृतिचित्रे'सारखं आत्मचरित्र दिलं. या दोघींत श्रेष्ठ कोण हा वाद मला नको. लक्ष्मीबाई स्वतःच्या लेखनिक झाल्या, बहिणाबाईंना लेखनिक घरात जन्माला घालावा लागला. तिसरीला दोन्ही मिळालं नाही. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, आणि तशा तिसऱ्या हजारो होत्या.

हे आपल्या परंपरेला फार आधी कळलं होतं. पंढरपूरपासून जवळच गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. वारकरी तिथे वाकतात, खुंट्याला हात लावतात, दोन फेरे ओढतात. कोणत्या संताची वाणी कोणी लिहून घेतली हे सांगणारा एक जुना अभंग आहे. त्यात एकेकाच्या लेखनिकाचं नाव येतं, माणसांची नावं. जनीची पाळी आली की अभंग म्हणतो, तिचे अभंग पांडुरंगाने लिहिले. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना विठ्ठल लेखणी घेऊन बसलाय याचंच अप्रूप वाटायचं. आता ती ऐकताना पोटात कालवतं. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, दळणकांडण करणाऱ्या दासीचं कवित्व लिहून घ्यायला अख्ख्या पंढरीत एक माणूस नव्हता, म्हणून कथेला देव बोलवावा लागला. भक्तिकथा म्हणून ती गोड आहे, तिच्यातली कबुली मात्र कडू आहे.

आता सोलापूर शहरात येऊ. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात, आपण बाराबंदी घालून फोटो काढतो. पण हा देव कवी होता हे किती सोलापूरकरांना माहीत असतं? बाराव्या शतकात त्याने कन्नडमध्ये वचनं रचली आणि प्रत्येक वचनाखाली 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही मुद्रा ठेवली. ती वचनं आज हाती आहेत, कारण मठांनी आणि भक्तांनी ती ताडपत्रांवर उतरवत ठेवली. आणि तरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती पत्रं घराघरांत धूळ खात पडली होती. शेजारच्या विजापूरला फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी नावाचे वकील होते. त्यांनी गावोगाव फिरून ही ताडपत्रं जमवली, १९२३ साली वचनांचा पहिला मोठा संग्रह छापला आणि छापखान्यापायी राहतं घरही विकलं. हळकट्टींचं जन्मसाल १८८०. बहिणाबाईंचंच. एकीकडे गाणं ओठावर येऊन हवेत विरत होतं आणि त्याच पिढीतला एक वकील आठशे वर्षांपूर्वीचं गाणं वाचवण्यासाठी पदरमोड करत होता. एका माणसाच्या खटाटोपाने केवढं काय वाचू शकतं याचा दाखला शोधायला आपल्याला विजापूरच्या पुढे जायला नको.

मग आपण काय वाचवलं? १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि या शहराचं नशीबच पालटलं. आंध्र-तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं आली. गिरण्यांत बायकाही होत्या. त्यांनी काय गायलं? गिरणीत बहुधा काहीच नाही, साच्यांच्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. गाण्याला हात गुंतवणारं आणि कान मोकळे ठेवणारं काम लागतं. जातं तसं होतं. सोलापुरात तसं दुसरं काम म्हणजे विडी.

ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने ती एकसारखी कापायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याची गुंडी. पान डाव्या तळव्यावर, चिमूट तंबाखू, अंगठ्याने वळ, दोऱ्याचे दोन फेर, तोंड मुडपायचं. हजार पुऱ्या करायला सकाळची संध्याकाळ होते. मग कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा मूठमूठभर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत. हात हे करत असतात तेव्हा तोंड रिकामं असतं. शेजारची बाईही तेच करत असते. गाणं जन्माला यायला याहून चांगली जागा कोणती?

त्या वक्तृत्व स्पर्धेतली, चरित्रांची भेसळ केलेली मुलगी शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली होती. बक्षीस समारंभ संपल्यावर ती दारात रेंगाळत होती. मी विचारलं, "तुझ्या घरी कोणी गातं का गं?" म्हणाली, "अव्वा गाती की. विडी वळताना. पण ते तेलुगूत हाय मॅडम." मी म्हटलं, "मग त्यातलं चार ओळी भाषणात सांगायच्या होत्यास." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच काही कळत नाही. "नियमात लिवलंय ना मॅडम, माध्यम मराठी."

नियम मीच वाचून सही केलेला होता.

बहिणाबाईंची भाषाही प्रमाण मराठी नाही हे आपण सोयीस्कर विसरतो. ती तावडी-लेवा पट्ट्यातली बोली. 'माले', 'तुले', 'कये', 'मियते' म्हणणारी. अत्र्यांचा शिक्का बसला, पाठ्यपुस्तकात कविता आली, तेव्हापासून ती बोली गोड झाली. आमच्या सोलापुरी बोलण्यातला 'काय बे' अजून पुण्यात हसण्यावारी जातो, आणि पूर्व भागातल्या बाईचं तेलुगू मिसळलेलं मराठी तर सोलापुरातच हसण्यावारी जातं. जिचा शिक्का बसला ती लोककला आणि जिचा नाही ती अशुद्ध, हा हिशेब बहिणाबाईंचं नाव घेणाऱ्यांनी तरी करू नये.

एक-दोन आक्षेप मला नेहमी ऐकावे लागतात, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत.

पहिला, की बायकांचं प्रत्येक गुणगुणणं म्हणजे कविता नव्हे. अगदी खरं. ओव्या ऐकायला बसलं की दहातल्या आठ भाऊराया, माहेर आणि चुडा यांच्याभोवती फिरतात, त्याच उपमा, तेच यमक. माझ्या आजीच्याही फिरत असणार. पण निवड लिहून घेतल्यावर करता येते, आधी नाही. जी ओळ वहीत आलीच नाही ती चांगली होती की सामान्य, हे ठरवायचं कुणी? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या सगळ्या थोर नाहीत. पण कुठली ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने सांगितली हे त्यांनी नोंदवलं, आणि मला त्या लाखाइतकंच हे महत्त्वाचं वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. लिहून घेणारा आपला हात फिरवतो. सोपानदेव कवी होते, तेव्हा आईच्या ओळी त्यांनी घासूनपुसून घेतल्या असतील, अशी कुजबुज साहित्यिकांच्या बैठकीत मी स्वतः ऐकली आहे. मला ती पटत नाही. सोपानदेवांच्या स्वतःच्या कविता वाचा आणि मग शेतात उभं राहून बोलणारी ही भाषा वाचा, दोन हात वेगळे दिसतात. तरीही प्रश्न म्हणून तो उरतोच. लेखनिकाच्या हाती सत्ता असते. काय लिहायचं, काय गाळायचं, कोणती शिवी पुसायची, सासूबद्दलची कोणती ओळ घराण्याच्या अब्रूसाठी सोडून द्यायची, हे तो ठरवतो. मुलाने आईचं लिहिताना काय सोडलं असेल याचा विचार मी कधी कधी करते. पण आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र आहे. आवाज जसाच्या तसा ठेवता येतो, मग त्यावरून वही करता येते, आणि वहीत हात फिरला तर आवाज साक्षीला असतो. सोपानदेवांकडे हे नव्हतं. आपल्याकडे आहे, आणि आपण त्यावर पहाटेचे गुलाबाचे शुभेच्छासंदेश पाठवतो.

हे लिहिताना मी कोणी वेगळी नाही हेही सांगायला हवं. माझी आजी मोहोळकडची. माझ्या वडिलांनी हौसेने टेपरेकॉर्डर आणला तेव्हा पहिल्या उत्साहात आम्ही भावंडांनी तिला समोर बसवून ओव्या म्हणायला लावल्या. ती लाजली, मग सुरू झाली ती थांबेना. कॅसेटची एक बाजू भरली. पुढे दोन-तीन वर्षांनी कुणाला तरी रेडिओवरची गाणी टेप करायची होती, रिकामी कॅसेट घरात नव्हती. आता त्या बाजूला सिनेमाची गाणी आहेत. दोन गाण्यांच्या मधे क्षणभर जी फट राहते तिथे आजीचा एक शब्द उरलाय, "...सिद्धरामा". त्याच्या आधी काय होतं ते घरात कुणालाच आठवत नाही. तिच्या ओव्या पुसणारं कोणी सरकार नव्हतं, कोणी पंडित नव्हता. आम्हीच होतो, आणि आमचं तिच्यावर प्रेम होतं.

म्हणून मला वाटतं, हे काम प्रेमावर सोडू नये. घरोघरी सोपानदेव निपजतील या भरवशावर तर अजिबात नको. सार्वजनिक काम म्हणून ते करावं, पाणीपुरवठा करतात तसं, कंटाळवाण्या नियमितपणाने. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं, पाठोपाठ सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं. मला नावांचं वावडं नाही. पण विद्यापीठाच्या भाषा विभागात दरवर्षी मुलं शोधनिबंधांसाठी विषय शोधत फिरतात आणि छापील कवींवर शंभरावा निबंध लिहितात. त्यातल्या दहा जणांना पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या वसाहतीत, माळशिरस-करमाळ्याच्या गावांत पाठवा. कुंभारीला दहा हजार विडी कामगार बायकांची घरं आहेत. एका ठिकाणी इतक्या गाणाऱ्या बायका महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, जे मिळेल ते आणा. सांगणारीला तासाचे पैसे द्या, कारण तिचा तास म्हणजे शंभरेक विड्या असतात आणि संस्कृतीच्या नावाखाली तिची मजुरी बुडवायचा हक्क कुणालाच नाही. आणि ऐकायला ते शहराच्या वाचनालयात ठेवा, विभागप्रमुखांच्या कपाटात नाही.

घाई का, तर घराघरातलं जातं बंद पडून दोन पिढ्या झाल्या. विडी वळताना आता बहुतेक घरांत समोर मालिका चालू असते. तरण्या बायकांना ही गाणी येत नाहीत. त्यांना ती यावीत असंही माझं म्हणणं नाही, त्यांचं त्यांना काय गायचं ते गाऊ दे. ज्यांना येतात त्यांची वयं पासष्टच्या पुढची आहेत आणि तंबाखूची धूळ छातीत घेऊन कोण किती वर्षं गाणार?

शाळेला मी एक साधी सूचना केली होती. वक्तृत्वाऐवजी पुढच्या वर्षी मुलांनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडून दहा ओळी लिहून आणाव्यात, कुठल्याही भाषेतल्या, देवनागरीत. बक्षीस लिहिणाऱ्याला आणि सांगणारीला, दोघांना. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर फोन आला की कल्पना फार छान आहे, पण पाहुण्यांसमोर मंचावर ते दिसायला कसं दिसेल? त्यापेक्षा बहिणाबाईंच्या वेशभूषेची स्पर्धा घेऊ. नऊवारी, डोईवर पदर, हातात सूप. मी नकार दिला तर म्हणाले, मॅडम, पुढच्या वर्षी बघू.

मग मीच गेले. रविवारी दुपारी, त्या मुलीबरोबर, तिच्या अव्वाकडे. अशोक चौकाच्या पलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या, बाहेर ओट्यावर म्हातारी सूप घेऊन बसलेली. नातीने तेलुगूत काहीतरी सांगितलं. अव्वाने माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "सर्वेवाल्या का तुम्ही? मागं घरकुलाचा फार्म भरून नेला, अजून काय नाही." नाही म्हटल्यावर तिचा माझ्यातला रस संपला. मी तिच्याशेजारी बसून पानांना फर्मा लावू लागले, वाकडंतिकडं कापलं, ती हसली, आणि साधारण अर्ध्या तासाने नातीच्या आग्रहाने गायला लागली. नवरात्रात पूर्व भागातल्या बायका फुलांची बतुकम्मा मांडून भोवती फेर धरतात तेव्हाची चाल, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो'. मला चाल ओळखू आली, शब्द कळेनात. मुलगी अडखळत मराठी सांगत होती. पानं भिजली, मग बोटं भिजली, मग कारखान्याच्या पायरीवर पदर भिजला, तपासणाऱ्याला काहीच ओलं दिसलं नाही. तो 'छाट' म्हणतो आणि हीही त्याला काहीतरी म्हणते. ते काय, ते नातीने सांगायचं नाकारलं, आणि अव्वा तोंडाला पदर लावून हसत राहिली.

मी फोनवर आवाज टिपला आणि मुलीने वहीत देवनागरीत तेलुगू लिहून घेतलं. वर मथळ्याला, शाळेत शिकवलंय तसं, तिने कंसात लिहिलं: पारंपरिक. अव्वाने वहीकडे बोट करून विचारलं, "ते वर काय लिवलीस?" मुलीने वाचून दाखवलं.

"पारंपरिक? कोण ती?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला ते खोडायला सांगितलं. अव्वाचं नाव लिही म्हटलं तर अव्वानेच हात आडवा केला. पहिल्या तीन ओळी तिच्या सासूच्या, म्हणाली, करीमनगरकडून सून म्हणून आली तेव्हा घेऊन आलेली. पदराची आणि तपासणाऱ्याची तिची स्वतःची. मुलीने दोन्ही नावं विचारून घेतली, सासूचं लिहिताना 'ल' की 'ळ' यावर दोघींचं वाजलं, आणि तोवर उजेड कमी झाला होता, अव्वाच्या दीडशे विड्या बाकी होत्या.